हौसेला मोल नाही, केकला मात्र किलोचा भाव

रात्री साडेदहाच्या सुमारास मोबाइलवर एक छायाचित्र येते. पांढऱ्याशुभ्र तीन मजली केकवरून गुलाबी फुलांची वेल खाली उतरली आहे, माथ्यावर सोनेरी शिंगाचा युनिकॉर्न बसला आहे आणि तळाशी कुणा परदेशी बाळाचे नाव कोरले आहे. छायाचित्राखाली दोनच ओळी असतात. ‘ताई, अगदी असाच हवा. एक किलोचा कितीला पडेल?’ मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा कोणत्याही शहरात घरून केक करून देणाऱ्या महिलेला हा संदेश नवा नाही. या व्यवसायात पुढे होणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ या दोन ओळींत असते. त्यातला ‘असाच’ हा शब्द एका वादाचा धनी, तर ‘किलो’ हे माप दुसऱ्याचे!

मागणीबरहुकूम केक ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. वांद्रे, वसई आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाचा मजल्यांचा केक पिढ्यानपिढ्या सजवून घेतला जात आला आहे. त्यावर पिठीसाखर आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे कडक रॉयल आयसिंग असे आणि बदामाऐवजी काजूचे मार्झिपान. बाकीच्या मुंबईकरांसाठी केक म्हणजे इराण्याकडचा मावा केक किंवा बेकरीच्या काचेमागे मांडलेला, चार कोपऱ्यांत चार गुलाब असलेला तयार केक. त्यावर नाव घालून मिळाले तरी हौस पुरी होत असे. गेल्या दीड-दोन दशकांत दूरचित्रवाणीवरील केकचे कार्यक्रम आणि मोबाइलवरील छायाचित्रे यांनी हे चित्र पालटले. त्यात २०२० च्या टाळेबंदीने भर घातली. बेकऱ्या बंद, घरात ओटीजी आणि हाताशी वेळ अशा स्थितीत अनेकींनी केक शिकून घेतला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाढदिवसांतून व्यवसाय उभा राहिला. आज पैठणीच्या मोरांचा, किल्ल्याच्या तटबंदीचा, डोहाळजेवणाच्या झोपाळ्याचा, साठीशांतीला आजोबांच्या आरामखुर्चीचा असे केक मध्यमवर्गीय घरांतून सर्रास मागवले जातात. कल्पना बदलल्या. मोजमाप मात्र बेकरीच्या काचेमागचेच राहिले.

पौंडातून किलोत

केक वजनावर विकण्याची आपली पद्धत जुनी आहे. आधी अर्धा पौंड, एक पौंड असा हिशेब होता, नंतर अर्धा किलो, एक किलो झाला. तयार केकला ती सोयीची होती, कारण सगळ्यांवर सजावट जवळजवळ सारखीच असे. अमेरिकेत मागणीनुसार केलेल्या केकचा भाव बहुधा किती जणांना पुरेल, म्हणजे किती तुकडे निघतील, त्यावर ठरतो आणि सजावटीचे मोल वेगळे धरले जाते. आपल्याकडे तराजूच प्रमाण मानला गेला. तराजूची अडचण अशी, की त्यावर साखर चढते, हाताचे काम चढत नाही.

या तराजूत एक गंमतही आहे. शहरांतील बहुतेक केकवर जे पांढरे क्रीम असते ते दुधाच्या सायीचे नसते. तेलापासून केलेले हे वनस्पतिजन्य क्रीम गोठवलेल्या डब्यांत मिळते. ते फ्रीजमध्ये वितळू देऊन घुसळले की हवा धरून अडीच-तीनपट फुगते. म्हणून एक किलोचा क्रीमचा केक टेबलावर ऐसपैस दिसतो. फाँडंटचे गणित याच्या उलटे आहे. फाँडंट म्हणजे पिठीसाखर, ग्लुकोज आणि डिंक किंवा जिलेटिन यांची मळलेली, लाटता येणारी कणीक. तिच्यात हवा नाही, सगळे वजनच. एक किलोच्या केकवर फाँडंटचा थर आणि दोन बाहुल्या आल्या, की वजनाचा मोठा वाटा साखरेनेच खाल्लेला असतो आणि केक हातभर असण्याऐवजी वाटीएवढा दिसू लागतो. ‘एवढासाच?’ हा उद्गार इथून येतो.

‘या डिझाइनला किमान दोन किलो घ्यावे लागेल,’ असे केक करणारी सांगते तेव्हा ग्राहकाला ती विक्री वाढवण्याची युक्ती वाटते. त्यामागे साधी भूमिती आहे. सहा इंच व्यासाच्या गोल केकचा माथा सुमारे २८ चौरस इंचांचा असतो, आठ इंचांच्या केकचा सुमारे ५०. व्यास दोन इंचांनी वाढला तर जागा पावणेदोन पटींहून अधिक वाढते. किल्ला, मावळे, तोफ, ध्वज आणि ‘चि. अथर्वला प्रथम वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढे सारे २८ चौरस इंचांत बसवायचे म्हटले, तर मावळ्यांना तटावरून खाली उतरावे लागेल.

जाता जाता, नावाच्या या ओळीबद्दल. इंग्रजी अक्षरे नोझलमधून एकामागून एक ओतता येतात. देवनागरीत वेलांटी मागे जाते, रफार वर चढतो, जोडाक्षर जागा मागते. ‘हार्दिक’मधली दि ऱ्हस्व की दीर्घ हे ऐन वेळी आठवत नाही आणि मुलाचे नाव ‘ऋग्वेद’ असेल तर विचारायलाच नको. दूरध्वनीवरून ऐकलेले नाव केकवर उतरवणे हा या धंद्यातला सर्वात स्वस्तात टाळता येणारा आणि तरीही वारंवार घडणारा घोटाळा आहे. नाव ग्राहकाने स्वतः टंकून पाठवावे आणि तेच शब्दशः उतरवावे, एवढा एक नियम पाळला तरी वर्षातून दोन-चार वाढदिवस वाचतात.

छायाचित्रातला केक आणि इथली हवा

ग्राहकाने पाठवलेले छायाचित्र बहुतेक वेळा थंड देशातले असते. तिकडच्या केकवर लोण्याचे, म्हणजे बटरक्रीमचे गुळगुळीत आवरण असते. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडू लागते. लंडनच्या दिवाणखान्यात हा केक दुपारभर उभा राहतो. मे महिन्यात अकोला-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा वातानुकूलित खोलीबाहेर त्याचे काय होईल, ते सांगायला नको. मुंबईत पारा तेवढा चढत नाही, पण इथला वैरी वेगळा आहे. साखर हवेतले पाणी ओढून घेते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते तेव्हा फाँडंटला घाम फुटतो, पृष्ठभाग चिकट होतो, बाहुलीचा हात हळूहळू खाली येतो. त्यावर फ्रीज हा उपाय वाटतो, पण थंड केक बाहेर काढताच त्यावर दव धरते आणि लाल रंग पांढऱ्यावर ओघळू लागतो.

अनुभवी हात यावर वाटा काढतात. बाहुल्यांच्या फाँडंटमध्ये सीएमसी नावाची पावडर मळली की ते कडक वाळते. अशा बाहुल्या तीन-चार दिवस आधी करून वाळवल्या जातात आणि केक देण्याच्या थोडे आधीच वर बसवल्या जातात. लोण्याच्या जागी चॉकलेट आणि क्रीम यांचे घट्ट गनाश लावले, तर धारदार कडा मिळते आणि उन्हाळाही बऱ्यापैकी सोसतो. उकाड्यासाठी वनस्पतिजन्य क्रीम सर्वात भरवशाचे, कारण ते दुधाच्या क्रीमपेक्षा अधिक काळ उभे राहते. बाजारात सहज मिळणाऱ्या पाव लिटरच्या खोक्यातील सायीत स्निग्धांश सुमारे २५ टक्केच असतो. ती कितीही घुसळली तरी नोझलमधून फूल उमटण्याइतकी घट्ट होत नाही.

इथे केक करणाऱ्यांचाही दोष सांगितला पाहिजे. वनस्पतिजन्य क्रीमला धंद्यात सरसकट ‘फ्रेश क्रीम’ म्हटले जाते. ग्राहक ते दुधाचे समजून घेतो आणि कुणी त्याचा गैरसमज दूर करत नाही. दुसऱ्याच्या केकचे छायाचित्र आपल्या पानावर आपलेच म्हणून लावण्याची खोडही अनेकांना आहे. मग ‘असाच’ केक मागितला गेला तर तक्रार कुणाबद्दल करायची? ज्यांचे काम वर्षानुवर्षे टिकले आहे, त्या बहुधा पहिल्याच संभाषणात तीन गोष्टी स्पष्ट करतात. हे छायाचित्र कुणाचे आहे, त्यातले काय आपल्या हवेत उभे राहील आणि काय बदलावे लागेल. या संभाषणाला दहा मिनिटे लागतात. ते टाळले तर केक कापण्याच्या वेळी तेच संभाषण वीस पाहुण्यांदेखत होते.

छायाचित्रातल्या काही गोष्टी तर हवेमुळे नव्हे, कायद्यामुळे इथे शक्य नाहीत. केक कापला की आतून गुलाबी किंवा निळा रंग निघतो आणि होणारे बाळ मुलगी की मुलगा ते कळते, ही अमेरिकेतली प्रथा. जेना कार्वुनिडिस यांनी २००८ मध्ये केलेल्या अशा केकपासून ती पसरली, असे मानले जाते. तिकडच्या मराठी कुटुंबांतही ती दिसते. भारतात १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग तपासून सांगण्यास बंदी आहे, त्यामुळे असा केक इथे करून देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डोहाळजेवणात ‘पेढा की बर्फी’ हा वाट्यांचा खेळ आहेच. केकवर तोच खेळ साकारता येतो आणि आजीला तो परकाही वाटत नाही.

लाल रंग कडू का लागतो

गडद लाल आणि काळा हे दोन रंग केक करणाऱ्यांना नकोसे असतात. पांढऱ्या क्रीममध्ये थेंबभर रंगाने गुलाबी छटा येते. शेंदरी लाल हवा तर रंग ओततच राहावे लागते, चव कडवट होते आणि पाहुण्यांच्या जिभा दुसऱ्या दिवशीपर्यंत रंगलेल्या राहतात. देशातील अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा पदार्थांत ठरावीकच कृत्रिम रंग वापरता येतात आणि त्यांचे प्रमाण किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे लागते. हे प्रमाण ओलांडणे किती सोपे आहे, याचे उदाहरण शेजारच्या राज्यातले आहे. कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने २०२४ मध्ये केकचे २३५ नमुने तपासले, तेव्हा १२ नमुन्यांत कृत्रिम रंगांचे प्रमाण असुरक्षित आढळले. रेड व्हेल्वेट आणि ब्लॅक फॉरेस्ट हे प्रकारही त्या वेळी चर्चेत आले होते.

यावर साधे तोडगे आहेत. काळा रंग पांढऱ्या क्रीममधून काढण्याऐवजी कोको घातलेल्या गडद तपकिरी क्रीममधून काढला, तर रंग फार थोडा लागतो. रंगवलेले क्रीम काही तास झाकून ठेवले की छटा आपोआप गडद होते, त्यामुळे आदल्या रात्री केलेला फिका लाल सकाळी पुरेसा लाल झालेला असतो. लाल भाग फाँडंटच्या एखाद्या पट्टीपुरता ठेवला, तर ती खाताना काढूनही ठेवता येते. हे सारे करूनही छायाचित्रातला भडक लाल येणार नाही, असे सांगण्याची हिंमत मात्र हवी. पोराच्या पोटात काय जाते याची काळजी करणारी आईच बहुधा ‘अजून थोडा डार्क नाही का होणार?’ असेही विचारत असते!

रंगापेक्षा चकाकी अधिक धोक्याची. सोनेरी, रुपेरी, मोरपंखी झळाळी देणाऱ्या काही पावडरींच्या डबीवर ‘विषारी नाही’ एवढेच लिहिलेले असते. त्याचा अर्थ ती खाण्याजोगी आहे असा होत नाही. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुले आजारी पडली. केकवरची झळाळी तांब्याच्या भुकटीची निघाली. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध केले. डबीवर ‘खाद्य’ असा स्पष्ट उल्लेख आणि घटकांची यादी नसेल, तर ती पावडर केकवर घालू नये. ग्राहकानेही हे विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

तासांचा हिशेब

आता पुन्हा त्या ‘कितीला पडेल?’कडे. उदाहरणादाखल दोन किलोच्या, चार बाहुल्या असलेल्या केकचा हिशेब मांडू. समजा, साहित्याला ९०० रुपये लागले, तळाचा बोर्ड, खोका आणि आधाराच्या काड्या यांना १५० आणि वीज, गॅस, रंग यांचा वाटा १०० रुपये. एकूण ११५० रुपये. ग्राहकाशी घासाघीस होऊन केक २४०० रुपयांना ठरला. हाती राहिले १२५० रुपये. वरवर पाहता निम्म्याहून अधिक नफा. मग तास मोजू. आदल्या दिवशी केक भाजून थंड करणे, त्याचे थर कापणे, साखरेचे पाणी शिंपडून क्रीम भरणे. त्यानंतर चुरा बाहेर येऊ नये म्हणून पहिला पातळ थर लावून फ्रीजमध्ये ठेवणे, मग दुसरा थर, फाँडंट लाटून चढवणे, बाहुल्या घडवणे, नाव लिहिणे, भांडी घासणे, बाजारातून बोर्ड आणणे. यात ग्राहकाशी झालेली संदेशांची देवाणघेवाण जोडली तर नऊ तास कुठेच गेले नाहीत. तासाला १३९ रुपये पडले. केक बिघडला तर तेही नाहीत. ओटीजी आणि बीटर यांची झीज अजून हिशेबात धरलेलीच नाही.

एखाद्या मोठ्या साखरी गुलाबाला सहज अर्धा तास जातो, मधल्या पाकळ्या वाळण्याचा वेळ वेगळा. हे काम किती वरच्या पायरीला जाऊ शकते, ते पुण्याच्या प्राची धबल देब यांनी दाखवून दिले आहे. त्यांनी अंड्याविना केलेल्या रॉयल आयसिंगमधून मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे १०० किलो वजनाची प्रतिकृती घडवली आणि २०२२ मध्ये तिची विक्रम म्हणून नोंद झाली. त्या कामाला कुणी किलोचा भाव विचारणार नाही. मात्र शेजारच्या इमारतीत राहणारी वहिनी तीच नोझल हाती घेऊन बसते, तेव्हा तिच्या हाताची किंमत तराजूवर ठरते. ‘घरीच तर करता, दुकानाचे भाडे थोडेच भरता?’ हा युक्तिवाद शिंप्याकडे किंवा सुताराकडे कुणी करत नाही. बाईच्या घरातल्या कामाला दाम नसतो, ही जुनी समजूत येथे व्यवसायाच्या दारातून आत आली आहे. आणि खरे सांगायचे तर अनेक केक करणाऱ्या स्वतःही आपले तास मोजत नाहीत. साहित्याच्या दुप्पट भाव लावला की झाले, असे त्यांनाही वाटते. साध्या क्रीम केकला हे सूत्र कसेबसे चालते. बाहुल्यांच्या केकला ते लागू केले की जितके अधिक काम, तितका अधिक तोटा.

त्यामुळे काही जणींनी भावाची पद्धतच बदलली आहे. केकचा पायाभूत दर किलोवर, पण सजावट नगावर किंवा कामावर. एका बाहुलीला इतके, साखरी फुलांच्या गुच्छाला इतके, दुसरा मजला चढवायचे इतके. यात ग्राहकाचाही फायदा असतो. पैसे कमी असतील तर बाहुल्या चारऐवजी एक करता येते, साखरी फुलांऐवजी क्रीमची फुले घेता येतात, युनिकॉर्न छापील कागदी टॉपरवर येऊ शकतो. म्हणून ‘तुमचे बजेट किती?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नसून सोयीचा आहे. त्याचे उत्तर ‘तुम्ही सांगा ना’ असे आले, तर दोघांचाही अर्धा तास वाया जाणार हे नक्की.

‘ताई, आपल्यातलेच आहोत’

या व्यवसायातला बहुतेक ग्राहक परका नसतो. तो सोसायटीतला, मुलाच्या शाळेतला, नणंदेच्या ओळखीतला असतो. ओळखीने पहिली कामे मिळतात आणि पुढे त्याच ओळखीपायी पैसे मागायला जीभ रेटत नाही. ‘आपल्यातलेच आहोत, नंतर देते’ म्हणणाऱ्या काकूंना पावती कशी द्यायची? आदल्या रात्री ‘अगं, कार्यक्रमच रद्द झाला’ असे कळवले गेले, तर बाळाच्या नावासह वाळत ठेवलेल्या बाहुल्या दुसऱ्या कुणाला विकणार? तयार केक रद्द झाला तर तो दुसरा गिऱ्हाईक नेतो. मागणीचा केक त्या एकाच घरासाठी असतो, हा फरक ओळखीच्या ग्राहकाच्याही ध्यानात आणून द्यावा लागतो.

यावरचा उपाय रुक्ष आहे. निम्मी रक्कम आगाऊ आल्याशिवाय तारीख राखून ठेवायची नाही. ठरलेले सारे एका संदेशात लिहून पाठवायचे: तारीख, वेळ, वजन, चव, अंड्याचा की एगलेस, रंग, नाव, पत्ता, रक्कम. बदल किती दिवस आधीपर्यंत चालतील आणि रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, तेही त्यातच. ग्राहकाने ‘ठीक आहे’ म्हटले की काम सुरू. हा नियम बहिणीलाही लावला तरच परक्याला लावता येतो. एगलेसचा खुलासा विशेष जपून करावा. अनेक घरांत हा चवीचा नव्हे, धर्माचा प्रश्न असतो. तिथे अंड्याचा केक त्याच बीटरमध्ये घुसळला जातो का आणि फाँडंटमध्ये जिलेटिन आहे का, हे विचारण्याआधीच सांगितलेले बरे. सुक्या मेव्याच्या ॲलर्जीचेही तसेच.

ग्राहकानेही आपल्या बाजूने एक पाहावे. घरून विक्री करणाऱ्यालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे. बिलच नसेल तर वाद झाल्यावर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेणेही अवघड जाते. स्वस्तात मिळते म्हणून बिल न मागणारा ग्राहक आणि कटकट नको म्हणून ते न देणारी विक्रेती, दोघेही वाद होईपर्यंत खूश असतात.

तक्रार आलीच तर? पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात. नाव चुकले, अंड्याचा केक गेला, केक आंबट लागला, या तक्रारींत चूक बहुधा निर्विवाद असते. तिथे सबबी न सांगता पैसे परत करावेत. ‘रंग फोटोसारखा नव्हता’ किंवा ‘लहान वाटला’ या तक्रारी मात्र लिहून ठेवलेल्या संदेशाशी ताडून पाहाव्या लागतात. सगळा केक संपल्यावर दुसऱ्या दिवशी आलेली ‘चवच नव्हती’ ही तक्रार निराळीच! अशा वेळी उरलेला तुकडा फ्रीजमध्ये ठेवायला सांगून तो पाहायला जाणे, हा मार्ग अनेक जणी अवलंबतात. तुकडा नसतो तेव्हा विषय बहुधा तिथेच मिटतो. सोसायटीच्या गटावर जाहीर भांडण करून आजवर कुणाचा व्यवसाय वाढल्याचे ऐकिवात नाही.

दारापासून हॉलपर्यंत

केकच्या आयुष्यातील सर्वात खडतर टप्पा म्हणजे प्रवास. दुमजली केकच्या खालच्या थरात जाड काड्या किंवा नळ्या उभ्या रोवलेल्या असतात. वरच्या थराचे वजन त्या पेलतात, खालचा स्पंज नव्हे. तरीही वेडावाकडा ब्रेक लागला की वरचा मजला सरकतो. केक मांडीवर घेणे सर्वांना सुरक्षित वाटते, पण मांडी कधीच सपाट नसते. मोटारीत पायाशी, सपाट जागी, खाली घसरत नसलेले कापड घालून खोका ठेवावा आणि वातानुकूलन आधीच सुरू करावे. दुचाकीवरून सामान पोहोचवणाऱ्या सेवांकडे एकमजली क्रीम केक एक वेळ सोपवता येईल. बाहुल्यांचा दुमजली केक पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून त्यांच्या हवाली करणे म्हणजे देवावर भार टाकणे होय. हातातून हातात देताना खोका उघडून दोघांसमोर छायाचित्र काढले, तर पुढे झालेल्या नुकसानीची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उरत नाही.

मग हॉल. कार्यक्रम सातचा, पाहुणे आठला आणि केक कापायला साडेनऊ, हे आपल्याकडे गृहीतच असते. दूध, साय किंवा अंड्याचे कस्टर्ड असलेला केक साध्या हवेत दोन तासांहून अधिक आणि ३२ अंशांपुढच्या उकाड्यात एका तासाहून अधिक ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण दंडक आहे. शोभेसाठी संध्याकाळपासून पंख्याखाली मांडलेला केक साडेनऊला सुंदर दिसेलही, पण खाण्याजोगा राहील याची हमी कोण देणार? हॉलमध्ये फ्रीज आहे का, त्यात खोका मावेल का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे लागते.

केकसोबत एक चिठ्ठीही जावी. केक फ्रीजमधून किती वेळ आधी काढायचा, कोणत्या बाहुल्या खाण्याजोग्या आहेत, कोणत्या फुलांत तार आहे आणि खालच्या थरात किती काड्या आहेत, एवढे तिच्यात हवे. कापण्याचे काम बहुधा घरच्या मावशीकडे येते आणि तिने केक आधी पाहिलेला नसतो. पाच काड्या लिहिल्या असतील तर लहान मुलांच्या बशा भरण्यापूर्वी पाचही मोजून बाजूला काढायच्या असतात.